पात्याला हात लावू नको!

आषाढातला वारा आमच्या भागात एका चालीनं वाहत नाही. खानापूरच्या बाजूनं येतो, मध्येच दम घेतो आणि परत धडक मारतो. सांबऱ्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळाची धावपट्टी पूर्व-पश्चिम. नैऋत्येचा वारा असला की पश्चिमेकडं तोंड करून उतरणाऱ्या विमानाला तो डाव्या कुशीत लागतो.

मी विमानतळावरच्या अग्निशमन दलात आहे. त्या दुपारी विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, घटकेत ताठ, घटकेत लोंबती. ताठ सॉक म्हणजे साधारण १५ नॉट, ताशी २८ किलोमीटरच्या आसपास वारा. सेसना १७२ या शिकाऊ पोरांच्या छोट्या विमानाच्या पुस्तकात आडव्या वाऱ्यासाठी दिलेला आकडाही तेवढाच. म्हणून शिकाऊ विमान उतरायला आलं तेव्हा आम्ही सगळे बाहेर येऊन बघत होतो.

डावा पंख किंचित खाली धरून ते बरोबर येत होतं. चाकं टेकणार, तेवढ्यात वारा पडला. विमान आपटलं, उसळलं आणि दुसऱ्यांदा नाकावर आलं. पुढचं चाक मोडलं, नाकावरच्या पंख्याचं पातं डांबराला घासलं, विमान डावीकडं गवतात घुसून थांबलं. घंटा वाजायच्या आधीच आमची गाडी हलली होती. आम्हाला ३ मिनिटांच्या आत पोचायचं असतं. आम्ही त्याच्या कितीतरी आधी पोचलो.

आग नव्हती. पण मला भीती त्याचीच जास्त वाटते, कारण आग दिसली नाही की माणूस सैल पडतो. पंखाखाली गवत निळसर ओलं झालं होतं. ॲव्हगॅसला, म्हणजे अशा छोट्या विमानांच्या पेट्रोलला, निळा रंग देतात, त्यामुळं शंकाच उरली नाही. जेट विमानाच्या इंधनापेक्षा हे फार लवकर पेटतं. आधी फोम पसरला.

प्रशिक्षक स्वतः उतरले. शिकाऊ पोरगा मात्र पट्टा धरून बसलेला. तेवढ्यात आमच्यातला एक नवा गडी वाकडं झालेलं पातं बाजूला सारायला गेला.

"काय करालास गा! हात काढ!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो.

इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो देतो, बॅटरी नव्हे; इंजिन फिरलं की तो स्वतःच वीज तयार करतो. किल्ली चालूवर राहिली असेल तर पातं जरा फिरलं तरी इंजिन दणका देऊ शकतं. त्याचा हात तर गेलाच असता, आणि खाली पेट्रोल. मी आत वाकून किल्ली बंद केली, इंधनाचा नॉब फिरवला, मास्टर स्विच पाडला. मग पोराचा पट्टा सोडवला.

"सर, मी चुकलो," तो म्हणाला.

"ते नंतर बघू बाळा. पाय हलव आधी."

पाय हलले. तो स्वतः चालत गाडीपर्यंत गेला.

चौकशी होईपर्यंत विमान हलवायचं नसतं, म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही तिथंच पहाऱ्यावर. कुंपणापलीकडं भाताच्या शेतातली माणसं काम टाकून उभी होती. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगं बरं हाय काय गा?"

"बरं हाय, काका. आपल्या पायांनी चालत गेलं."

तो परत चिखलात उतरला.