नोंद ९: सोन्याचा रकाना जुळला, आणि १९९९ कडे पुन्हा बघावं लागलं

गुंतवणुकीचं एक मिश्रण १९९९ पासून धरलं असतं तर काय झालं असतं, ते जुन्या भावांवर तपासणं, म्हणजे बॅकटेस्ट, हा या नोंदींचा विषय. त्यातला सोन्याचा रकाना अखेर जुळला. तीन शनिवार-रविवार त्यात गेले. काल रात्री साडेअकराला आलेखातली ती रेघ हवी तशी हळूहळू खाली उतरताना दिसली, तेव्हा पहिली हाक आईला मारली, कारण कोडं तिच्या पावतीमुळे सुटलं. मागच्या नोंदीत या वेळी कराचा हिशेब मांडेन म्हटलं होतं. तो आता पुढे ढकलते. हे आधी.

मिश्रण तेच आहे: निम्मा निफ्टी ५० टीआरआय (लाभांश पुन्हा गुंतवला असं धरणारा निर्देशांक), पाव सोनं, पाव लिक्विड फंड (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांचा), आणि दर एप्रिलच्या पहिल्या ट्रेडिंगच्या दिवशी रीबॅलन्सिंग, म्हणजे खरेदी-विक्री करून हेच प्रमाण पुन्हा जुळवणं. टीआरआय ३० जून १९९९ पासून मिळतो, म्हणून सुरुवात तिथून. लिक्विडच्या रकान्यात २००६ पासून एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचं मूल्य) आहे आणि त्याआधी ३६४ दिवसांच्या ट्रेझरी बिलांचा, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जाचा, दर. तो रिझर्व्ह बँकेच्या हँडबुकात व्यवस्थित मिळतो. अडचण सोन्याची होती. गोल्ड बीज हा सोन्याचा ईटीएफ, म्हणजे शेअरसारखा बाजारात विकत घेता येणारा फंड, आपल्याकडे आला मार्च २००७ मध्ये. आधीच्या पावणेआठ वर्षांसाठी सोनं आपणच घडवायचं: लंडनचा एका औंसाचा डॉलरमधला भाव, गुणिले रुपयाचा संदर्भ दर, भागिले ३१.१०३५ (एका औंसाचे ग्रॅम), गुणिले दहा. झाला दहा ग्रॅमचा भाव.

पण हे घडवलेलं सोनं खऱ्या सोन्यासारखं वागतं की नाही, हे आधी तपासायला हवं ना? म्हणून २००७ नंतरच्या काळात दोन्ही शेजारी ठेवले. गोल्ड बीजची एनएव्ही भागिले माझं घडवलेलं सोनं, मार्च २००७ ला १०० धरून. हे गुणोत्तर कसं दिसायला हवं ते ठाऊक होतं. फंड आपला खर्च भागवायला थोडं थोडं सोनं विकतो, त्यामुळे एका युनिटमागचं सोनं दरवर्षी एक टक्क्याच्या आसपास घटतं. म्हणजे रेघ शंभरावरून निघून संथपणे खाली यायला हवी.

२०११ च्या शेवटापर्यंत ती तशीच आली. मग २०१२ मध्ये थबकली, वर वळली, आणि २०१३ च्या दुसऱ्या सहामाहीत थेट शंभराच्या पुढे गेली. खर्च कापून घेणारा फंड आपल्याच धातूच्या पुढे पळतो, हे कुठल्याच हिशेबात बसेना. त्यावर कळस म्हणजे जून २०२४ मध्ये गुणोत्तर जवळजवळ तिथेच होतं जिथे डिसेंबर २०११ मध्ये होतं. मधल्या साडेबारा वर्षांचा खर्च जणू कुणीतरी परस्पर भरून टाकला होता.

पहिला संशय अर्थातच स्प्लिटवर गेला. डिसेंबर २०१९ मध्ये गोल्ड बीजच्या एका युनिटचे शंभर झाले, म्हणजे एक ग्रॅमच्या आसपासचं युनिट ०.०१ ग्रॅमवर आलं. माझ्या जुन्या फाइलमध्ये एका फुकट संकेतस्थळावरचे बाजारभाव होते, आणि तिथे स्प्लिटआधीचे बहुतेक आकडे शंभराने भागलेले होते, पण सगळे नव्हते. असे सात दिवस सापडले. त्यातला एक जरी माझ्या रीबॅलन्सिंगच्या तारखेवर पडला असता तर सोनं एका दिवसात शंभरपट होऊन पूर्ण बॅकटेस्ट वाया गेली असती. ते सगळं काढून टाकलं आणि ॲम्फीच्या (म्युच्युअल फंडांच्या संघटनेच्या) एनएव्हीवर आले. माझं मत आता पक्कं आहे: खरेदी करताना बाजारभाव आणि आय-एनएव्ही (बाजार चालू असताना दिसणारी अंदाजी एनएव्ही) बघा, पण बॅकटेस्टला एनएव्हीच घ्या आणि स्प्लिट स्वतःच्या हाताने भागा. दोन ओळींचं काम आहे, आणि काय केलंय ते आपल्याला ठाऊक असतं.

रेघ मात्र तशीच.

दुसरा संशय लंडनच्या भावावर, आणि इथे खरी चूक सापडली. तिथे भाव दिवसातून दोनदा ठरतो, त्याला फिक्सिंग म्हणतात. मी दुपारचं फिक्सिंग वापरत होते, लंडनच्या तीन वाजताचं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात आणि निफ्टी साडेतीनलाच बंद झालेला असतो. सेबीच्या ज्या नियमाने ईटीएफमधल्या सोन्याचं मूल्य या वर्षांत ठरत आलं, त्यात सकाळचं फिक्सिंग धरलं होतं, लंडनचे साडेदहा. सकाळचा भाव घातल्याबरोबर रोजचा खडबडीतपणा निम्म्याहून जास्त गेला. मार्च २०२० च्या पंधरवड्यात तर फरक डोळ्यांना दिसत होता. ज्यांनी निफ्टी आणि सोन्याचं रोजचं कोरिलेशन (सहसंबंध) काढलंय त्यांनी आपलं फिक्सिंग एकदा तपासावंच. चार-पाच तासांपुढची बातमी आजच्या ओळीत बसलेली असू शकते.

एवढं होऊनही २०१२-१३ चा चढ जागच्या जागी. रुपयाचा संदर्भ दर दोन ठिकाणांहून ताडला, सुट्ट्यांचे दिवस बघितले, तारीख-महिना कुठे उलटलाय का ते पाहिलं. काहीच नाही. त्या रविवारी वही मिटून ठेवली.

मग परवा आईने लॉकरमधल्या वस्तूंची यादी करायला जुन्या पावत्या काढल्या. २०१३ च्या दसऱ्याला तिने पाटल्या केल्या होत्या. पावती कार्बनची, शाई जांभळी पडलेली, पण रकाने स्वच्छ होते: वजन, दर, घडणावळ वेगळी, खाली व्हॅट. दर बावीस कॅरेटचा होता, तो ०.९१६ ने भागला आणि त्या दिवसाच्या माझ्या आकड्याशेजारी मांडला. सराफाचा दर पंधरा टक्क्यांहून जास्त निघाला. घडणावळ आणि व्हॅट दोन्ही बाजूला ठेवूनसुद्धा. आईला विचारलं, एवढा फरक कसा? ती म्हणाली, "अगं, त्या वर्षी सरकारने सोन्यावर ड्यूटी किती वाढवली होती! तुझे बाबा म्हणत होते, थांब जरा."

आयात शुल्क. सेबीच्या त्याच नियमातल्या सूत्रात ते लिहिलेलं होतं. लंडनचा भाव, रुपयाचा दर, वाहतूक आणि कस्टम ड्यूटी. मी पहिल्या दोन गोष्टी घेतल्या आणि उरलेलं किरकोळ म्हणून सोडून दिलं होतं.

ते किरकोळ नव्हतं. २०१२ च्या सुरुवातीपर्यंत शुल्क दहा ग्रॅमला सरळ ३०० रुपये होतं, तेव्हाच्या भावाच्या जेमतेम एक टक्का. जानेवारी २०१२ मध्ये ते दोन टक्के झालं, मार्चच्या अर्थसंकल्पात चार, जानेवारी २०१३ मध्ये सहा, जूनमध्ये आठ, ऑगस्टमध्ये दहा. वीस महिन्यांत सुमारे एक टक्क्यावरून दहा टक्के! शिवाय २०१३ च्या मध्यापासून ८०:२० चा नियम होता. आयात केलेल्या सोन्यातलं वीस टक्के निर्यातदारांसाठी राखून ठेवायचं, त्यामुळे देशात माल कमी आणि भावावर प्रीमियम. तो नियम नोव्हेंबर २०१४ मध्ये उठला. पाटल्यांच्या पावतीत दहा टक्क्यांच्या वर दिसणारं जास्तीचं अंतर बव्हंशी हे असणार. पुढे जुलै २०१९ मध्ये साडेबारा टक्के, फेब्रुवारी २०२१ मध्ये सेस धरून पावणेअकराच्या आसपास, जुलै २०२२ मध्ये पंधरा. आणि २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एकदम सहा.

आता ते साडेबारा वर्षांचं गूढ बघा. शुल्काचा गुणक १.०११ वरून १.१५ वर गेला. भागाकार १.१३७. साडेबारा वर्षांत पसरला तर वर्षाला एक टक्क्याहून किंचित जास्त. म्हणजे जवळपास फंडाच्या खर्चाएवढाच! खर्च सरकारी शुल्कवाढीने भरून निघत होता. कागदावर ही आकडेमोड उतरली तो क्षण माझ्यासाठी या सबंध प्रकल्पातला सगळ्यात आनंदाचा. शुल्काचा रकाना घातला आणि रेघ २००७ पासून शेवटपर्यंत उतरत गेली. २०१३-१४ मध्ये प्रीमियमचा एक फुगवटा तेवढा राहिला. तो राहू देणार आहे, तो खराच होता.

ज्यांनी जुलै २०२४ मध्ये सोनं धरून ठेवलं होतं त्यांना उलटी बाजू आठवत असेल. १.०६ भागिले १.१५, म्हणजे लंडनमध्ये भाव तसूभर हलला नाही तरी आपल्याकडच्या सोन्याची रास्त किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास कमी. त्याच अर्थसंकल्पाने दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरचा कर साडेबारा टक्के केला, त्यामुळे त्या दिवशी माझं सगळं लक्ष कराकडे होतं आणि शुल्ककपातीचा हा कागद नजरेतून सुटला.

यातून बॅकटेस्टचा एक मोठा प्रश्न निघतो. ज्यांची चाचणी २०११ च्या शेवटी सुरू होऊन जून २०२४ ला संपते, त्यांच्या सोन्याच्या परताव्यात वर्षाला एक टक्का असा आहे जो सोन्याने मिळवलेलाच नाही, तो राजपत्रातल्या अधिसूचनांनी मिळवून दिलाय. आणि शुल्क शून्याखाली जात नाही, पंधरावरून तीसही होणार नाही. तो टक्का पुढच्या वीस वर्षांच्या अंदाजात ओढून नेणं मला पटत नाही. म्हणून आता सोन्याचे दोन रकाने ठेवते, 'शुल्कासह' आणि 'शुल्काविना'. भूतकाळात हातात काय पडलं असतं हे पहिल्यावरून, पुढे काय धरायचं हे दुसऱ्यावरून.

इथपर्यंत लिहून चहा घेतला आणि तेव्हा लक्षात आलं की १९९९ मध्येही शुल्क होतं. तेव्हा ते दहा ग्रॅमला ४०० रुपये होतं. आज चारशे रुपये म्हणजे काहीच नाही, पण १९९९ च्या उन्हाळ्यात सोनं २५५ डॉलरच्या आसपास होतं आणि डॉलर ४३ रुपयांचा. माझ्या सूत्राने दहा ग्रॅमचे साडेतीन हजारांच्या थोडे वर. म्हणजे शुल्क अकरा टक्के! २००१ मध्ये ते २५० झालं, २००३ मध्ये क्रमांक असलेल्या बारसाठी १००, तेव्हाच्या भावाच्या दोन टक्क्यांहून कमी. गुणक १.११ वरून १.०२. म्हणजे माझ्या घडवलेल्या सोन्याने पहिल्या पावणेचार वर्षांत सुमारे आठ टक्के जास्तीचे दाखवले होते, जे इथल्या माणसाला मिळालेच नसते. नोंद ४ मध्ये मी "२००० ते २००३ च्या पडझडीत सोन्याने तारलं" असं ठासून लिहिलं होतं. तारलं हे खरं, पण त्यातले वर्षाला दोन टक्के माझ्या सूत्राचे होते. ते वाक्य मागे घेते. मिश्रणात सोनं पावच असल्याने एकूण फरक चार वर्षांत दोन टक्क्यांचा, पण त्या नोंदीचा सगळा भर सोन्यावरच होता.

२००८ मात्र टिकलं. निफ्टी ६१३८ वरून २९५९ वर, रुपयातलं सोनं पावपटीहून जास्त वर, शुल्क नगण्य. तिथे दोन्ही रकाने अगदी एकमेकांवर बसतात. बघून बरं वाटलं.

आता पुढचं. ठरलं होतं की कर घालायचा आणि मासिक-वार्षिक रीबॅलन्सिंगची तुलना करायची. पण रकाना जुळल्यावर एप्रिलच्या तारखेबद्दलच शंका आली आहे. १ एप्रिल २०२० ला निफ्टी ८२५३ वर बंद झाला, तळापासून सात सत्रांवर. माझ्या बॅकटेस्टने त्या दिवशी सोनं विकून निफ्टी घेतला आणि पुढच्या वर्षी त्याचं घसघशीत फळ मिळालं. हेच जानेवारीत केलं असतं तर निफ्टी १२१८२ वर होता आणि विकत घेण्यासारखं काही नव्हतंच. एप्रिल मी निवडला तो आर्थिक वर्ष सोपं पडतं म्हणून, त्यात शहाणपण काही नव्हतं. तेव्हा आधी बारा महिन्यांच्या बारा आवृत्त्या, दोन्ही सोन्यांसह, म्हणजे चोवीस. स्प्रेडशीटमध्ये हे झेपणार नाही, इतके दिवस कॅल्कवर जीव होता तरी हे पायथनमध्ये हलवते. कर त्यानंतर.

आणि हे टाइप करताना सुचलं की विकायचंच कशाला? नवी एसआयपी जे मागे पडलंय त्यात वळवली तर पहिली दहा वर्षं तरी विक्रीची आणि कराची गरज फारशी पडणार नाही. चोवीसच्या अठ्ठेचाळीस झाल्या. चालेल.

तुमच्याकडून एक मदत हवी आहे. १९९९ ते २००३ मधली सराफाची पावती घरात कुणाकडे असेल तर फक्त तारीख, कॅरेट आणि दर कळवा, नाव-गाव झाकून. चारशे रुपयांचं शुल्क प्रत्यक्ष दुकानातल्या दरात किती उतरत होतं ते मला त्यातूनच कळेल. माझ्याकडे त्या काळातली एकच पावती आहे, मावशीच्या मंगळसूत्राची. तिच्यावरचा दर स्पष्ट आहे, पण तारखेवरच घडी पडली आहे आणि महिना वाचता येत नाही.