दहिसर नदी आणि तिचे वाटेकरी

मुंबईतली दहिसर नदी उगमापासून मुखापर्यंत जेमतेम १२ किलोमीटरची आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या परिसरात ती उगम पावते आणि बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून वाहत मनोरीच्या खाडीला मिळते. गावाकडे एवढ्या आटोपशीर पाणलोट क्षेत्राची चर्चा एखाद्या ग्रामसभेत होऊ शकली असती. आमच्याकडे मात्र उद्यानातली नदी वनखात्याची, कुंपणाबाहेरची महापालिकेची, तिथेही पर्जन्य जलवाहिन्यांचा विभाग वेगळा आणि मलनिःसारणाचा वेगळा, प्रदूषणासाठी आणखी एक मंडळ, आणि खाडीशी पोहोचल्यावर कांदळवन कक्ष, अशी तिची वाटणी झाली आहे. मनोरी-गोराईच्या कोळ्यांना या वाटणीत स्थान नाही. वरून वाहत आलेले प्लास्टिक तेवढे त्यांच्या जाळ्यात येते.

मुंबईतल्याच मिठी नदीचा अनुभव याच जातीचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर तिच्यासाठी प्राधिकरण स्थापन झाले आणि सुमारे १८ किलोमीटरपैकी साधारण १२ किलोमीटरचे काम महापालिकेकडे, तर उरलेले एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे) गेले. पात्र रुंद झाले, खोल झाले, काठाला भिंती आल्या. पाणी मात्र काळेच राहिले, कारण सगळा भर पुराचे पाणी लवकर बाहेर काढण्यावर होता.

नदीत सांडपाणी नेमके कुठून येते हे शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. फाल्गुनात, आभाळात ढगाचा ठिपकाही नसताना, दौलतनगरच्या बाजूला नदीच्या संरक्षक भिंतीपाशी उभे राहावे. भिंतीतल्या ज्या तोंडातून केवळ पावसाचे पाणी यायला हवे, तिथून राखाडी पाण्याची धार पडताना दिसली आणि तिच्याखाली साबणाचा फेस साचलेला असला, की मागे कुठेतरी घराघरांतली मोरी चुकीच्या वाहिनीला जोडलेली आहे हे उघड होते. शेणकट हिरवट लोंढा दिसला, तर वर तबेला आहे. अशा तोंडांची नोंद काठावरच्या सोसायट्या आपापल्या टप्प्यात करू शकतात. पण चुकीची जोडणी तोडायची तर दोन्ही विभागांचे अभियंते एकाच वेळी तिथे हजर लागतात, आणि घोडे नेमके तिथेच अडते.

इंग्लंडमध्ये २०१३पासून नदीच्या पाणलोटानुसार स्थानिक भागीदाऱ्या उभ्या राहिल्या असून त्यांची संख्या शंभरावर आहे. स्थानिक संस्था यजमान होते आणि शेतकरी, पाणीपुरवठा कंपनी, स्थानिक प्रशासन, मासेमारी करणारे असे सगळे एकत्र बसतात. तिथल्या नद्यांतले सांडपाणी यामुळे थांबलेले नाही, हेही खरे. बैठकीला दंडाचा अधिकार नसतो. तरीही यजमान कोण हे ठरलेले असणे मला मोलाचे वाटते. आपल्याकडे ‘रिव्हर मार्च’सारख्या नागरिकांच्या चळवळीने नद्यांबद्दल लोकांना बोलते केले, पण बैठक बोलावण्याची आणि तिचे इतिवृत्त पुढे नेण्याची जबाबदारी कायमस्वरूपी कोणाची तरी असायला हवी.

माझ्या मते दहिसर नदीच्या अशा बैठकीत पहिला विषय तबेल्यांचा घ्यावा. त्यांना हुसकावण्याची मागणी सोपी आहे, म्हणूनच ती वारंवार होते. शेण उचलायचे कोणी, बायोगॅस संयंत्राला जागा कोण देणार आणि ते चालवायचा खर्च कोणाचा, हे मात्र तबेलेवाल्यांना समोर बसवल्याशिवाय ठरणार नाही. त्या बैठकीला उद्यानातल्या पाड्यांवरचे आणि मनोरीच्या कोळीवाड्यातले प्रतिनिधीही पहिल्या दिवसापासून असावेत.