चेहरा का ठेवलास

परवा रात्री दादाला माझी नवी गोष्ट पाठवली, शापाने जाळं विणणारा कोळी होणाऱ्या उमरावाची. सकाळी त्याचा मेसेज, "चांगली झालीये. एकच विचारतो, तो पूर्ण कोळी झाला तरी त्याला माणसाचा चेहरा का ठेवलास?" बास, एवढंच. शेवटाबद्दल काही नाही, म्हातारीच्या शापाबद्दल काही नाही, ज्याच्यावर मी पंधरा दिवस घालवले. तेव्हापासून ते वाक्य दातात काहीतरी अडकावं तसं अडकलंय, जीभ सारखी तिथेच जातेय.

आधी राग आला. मग रडू आलं, खरंच आलं. रात्री सगळं आवरल्यावर बाबा झोपले की जो तासभर मिळतो त्यात मी लिहिते आणि तो तास पण दर वेळी मिळतोच असं नाही. दादा लांब आहे, लांबून विचारणं सोपं असतं... जाऊ दे. तो विषय आज नको.

चेहऱ्याचं बघू.

माझ्या उमरावाने कर थकला म्हणून विणकरांचे माग उचलून नेले आणि अंगणात जाळले. त्यातली एक म्हातारी म्हणाली, तुझ्या हातांनी जन्मात एक सूत काढलं नाहीस, आता पोटातून काढशील. मग तो बदलतो. आठ पाय, मोठं पोट, अंगभर लव, सगळं मी मन लावून लिहिलं, बघून बघून, वाचून वाचून लिहिलं. फक्त मानेपासून वर हात लावला नाही. दाढी तीच, डोळे तेच, कपाळावरची जखमेची खूण पण तीच. बायको दिवा वर करून बघते तेव्हा तिला तो ओळखू येतो.

का ठेवला चेहरा? कारण तो काढला तर त्याच्याबद्दल कोणाला वाईट वाटणार नाही अशी भीती वाटली. हे खरं उत्तर आहे आणि ते स्वतःशी कबूल करायला मला दोन दिवस लागले.

तसं बघितलं तर जुन्या गोष्टी सांगणाऱ्यांना ही भीती वाटलेली दिसत नाही. ओव्हिड या रोमन कवीने इ.स. ८ च्या सुमाराला अराक्नीची गोष्ट लिहिली, रंगाऱ्याची मुलगी, विणण्यात देवीशी बरोबरी करायला गेली आणि कोळी झाली. देवी तिच्यावर विषारी रस शिंपडते आणि पहिल्यांदा जातात ते केस, मग नाक, कान, डोकं एवढंसं होतं, बोटं कुशींना चिकटून त्यांचे पाय होतात, बाकी सगळं पोट. म्हणजे त्याने सुरुवातच चेहऱ्यापासून केली! आणि तरी तिचं वाईट वाटतं, कारण ती विणत राहते. चेहरा नेला, कला नेली नाही.

आपल्याकडे नहुष अजगर झाला तरी त्याची वाचा राहिली, भीमाला विळखा घालून तो युधिष्ठिराला प्रश्न विचारतो. नृग राजा सरडा होऊन विहिरीत पडून राहिला, कृष्णाचा हात लागल्यावर त्याने आपली सगळी हकीकत सांगितली. दोघंही राजे, दोघांचाही चेहरा गेला, पण कधी ना कधी बोलता आलं. माझ्या उमरावाकडे काय आहे? कोळ्याला वाचा नाही. कला म्हणावी तर अराक्नीकडे आधीपासून होती, याच्याकडे काहीच नव्हतं, याचं सगळं आयुष्य दुसऱ्यांनी विणलेलं अंगावर घालण्यात गेलं. म्हणजे त्याने छतात बांधलेलं पहिलं जाळं ही त्याने जन्मात स्वतः केलेली पहिली वस्तू! हे मला गोष्ट लिहून झाल्यावर कळतंय, दादाच्या त्या प्रश्नामुळे कळतंय आणि त्याचाही थोडा राग येतोय.

काल दुपारी जुनी वही शोधायला पुस्तकांचं कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीला एक कोळी. मेलाय असं वाटलं म्हणून कागदाने उचलायला गेले तर वजनच नाही. कात होती. खिडकीशी नेऊन नीट बघितली. पाठीवरचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडलेलं, आठही पाय आतून पोकळ, त्या पायांमधून त्याने आपले मऊ नवे पाय एकेक करून बाहेर ओढून घेतले असणार. मोबाईलचा कॅमेरा मोठा करून बघितलं तर त्या झाकणाच्या पुढच्या कडेला बारीक पारदर्शक ठिपके, डोळ्यांवरची भिंगं. विषाचे दात पण तसेच. तो चेहरासुद्धा टाकून गेला होता. तो कागद हातात धरून मी बराच वेळ तिथेच उभी होते.

मग संध्याकाळी शेवटचा प्रसंग परत काढला. त्यात तो मरताना बायकोकडे एक पाय लांब करतो, माणूस हात पुढे करतो तसा, आणि ती तो धरते. मला फार आवडायचं ते. पण ते होऊच शकत नाही. कोळ्याच्या पायात आत ओढून घ्यायला स्नायू असतात, पण मुख्य सांध्यांशी पाय सरळ करायला स्नायू नसतात, तिथे अंगातलं द्रव दाबाने पायात ढकलून तो पाय लांब करतो. जीव गेला की दाब गेला, पाय आपोआप आत मिटतात. मेलेला कोळी नेहमी मुठीसारखा मिटलेला दिसतो तो त्यामुळे. म्हणजे त्याला पुढे करायचाय, मनापासून करायचाय, आणि शरीर मिटत चाललंय.

बाबांचा उजवा हात सकाळी असाच असतो. कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवावं लागतं, आधी करंगळी. चेहरा... चेहऱ्यावरून हल्ली काही कळत नाही, मी बघत असते, बघत असते. दादाने व्हिडिओ कॉल केला की तो पण चेहराच बघतो आणि मग पटकन काहीतरी दुसरंच बोलायला लागतो. कदाचित म्हणूनच विचारलं असेल त्याने. कदाचित नसेल. विचारणार नाही मी.

पण रात्री लिहायला बसले तेव्हा राग नव्हता. दादाचं बरोबर आहे. चेहरा काढला. दाढी काढली, खूण काढली, ती खूण काढताना हात अडखळला पण काढली. डोळे आठ केले आणि त्यातून त्याला फार दिसत नाही असं केलं, जाळं विणणाऱ्या बहुतेक कोळ्यांना फारसं दिसत नाहीच, त्यांना धाग्याच्या थरथरीवरून जग कळतं. आता बायको दिवा घेऊन येते तेव्हा त्याला ती दिसत नाही, तिचं पाऊल धाग्यातून पायाला कळतं. आणि तो धागा छेडतो. बरेच नर कोळी मादीच्या जाळ्याच्या कडेला उभे राहून असंच करतात, मी भक्ष्य नाही हे सांगायला. तिला ते काय आहे हे माहीत नाही. ती फक्त हातातलं काम थांबवते आणि त्या धाग्याला बोट लावून ठेवते. रोज रात्री. एवढंच त्यांचं बोलणं.

चेहऱ्यापेक्षा हे बरं झालंय. मला स्वतःला वाचताना गलबलून आलं, आणि त्यात चेहरा कुठेच नव्हता.

शेवट अजून राहिलाय. एका रात्री धागा हलत नाही. ती वर चढते, तो छताच्या कोपऱ्यात आठही पाय आत घेऊन पडलेला. इथपर्यंत लिहून झालं. आता तिने एकेक पाय सोडवायचा का तसाच मिटलेला राहू द्यायचा, हे काही केल्या ठरत नाहीये. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. सकाळचं पाणी तापवायची वेळ झाली.