व्हॅनफेरीची नोंद: लोणार, विवर आणि १०० लिटर पाणी

लोणारच्या मुक्कामाची आखणी आता बरीचशी पक्की झाली आहे. गाडी ३३५० मिमी व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) ट्रॅव्हलर व्हॅन. पाण्याची टाकी १०० लिटर, सांडपाण्याची ४० लिटर, १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी आणि छतावर २०० वॉटचं सोलर पॅनेल. तुमची गाडी मोठी असेल तर आकडे बदलतील, पण लोणारात वागायची रीत तीच राहील.

आधी पाण्याचं. दोन माणसांना दिवसाला साधारण ३० लिटर लागतात. त्यातले आठ-दहा लिटर पिण्यात आणि स्वयंपाकात जातात, उरलेले २० ते २२ थेट खालच्या टाकीत. म्हणजे ताजं पाणी तीन दिवस पुरतं, पण सांडपाण्याची टाकी दोन दिवसांच्या आतच भरते. बहुतेक जण वरच्या टाकीकडे लक्ष ठेवतात आणि फसतात खालच्या टाकीमुळे. म्हणून लोणारात दोन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम नको. जास्त राहायचंच असेल तर भांडी आधी कागदानं पुसून मग धुवावीत, पाण्यात चांगली बचत होते.

खालचा कॉक उघडून पाणी काठावर सोडणं इथे अजिबात चालणार नाही. सुमारे १.८ किमी व्यासाच्या या विवरातून पाणी बाहेर न्यायला एकही ओढा नाही. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं ते फक्त वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. म्हणूनच सरोवराचा सामू (पीएच) १० च्या आसपास, म्हणजे चांगलाच अल्कधर्मी असतो. जे आत गेलं ते आतच साचणार, मग तो तुमच्या भांड्यांचा साबण का असेना. २०२० पासून हे रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, अभयारण्य तर आधीपासूनच आहे. टाकी रिकामी करायची ती मुक्कामाच्या ठिकाणच्या शौचालयात, विचारून, बादलीनं.

समृद्धी महामार्गावरून येणाऱ्यांनी मेहकरला उतरावं. वेळ असेल तर तिथला शारंगधर बालाजी पाहून घ्यावा, काळ्या पाषाणातली ती मूर्ती वाट वाकडी करून पाहण्यासारखी आहे. काँक्रीटवर टायर तापतात आणि भरलेली व्हॅन जड असते. हवा कमी असली की टायरची बाजू सारखी दबते, आतून गरम होते आणि फुटते. हवा सकाळी, टायर थंड असतानाच मोजा आणि भरलेल्या वजनासाठी गाडीच्या पत्रकात दिलेला आकडा पाळा. तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढून टाकू नका. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.

गाडी वर, काठाजवळच ठेवायची. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान जवळच आहे, पण आवारात व्हॅन लावू देतील का ते आधी फोन करून विचारा. पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही आठवडे काळ्या मातीवर चाक घालूच नका. ती टायरच्या खाचांत भरते आणि चाक जागच्या जागी फिरत राहतं. मुरूम किंवा डांबरी जागाच शोधा. चढउतार असेल तर हिशेब सोपा आहे: या व्हीलबेसला एक अंश उतार म्हणजे ५८ मिमी. ४० मिमीच्या दोन फळ्या आणि २० मिमीची एक, असा जोड प्रत्येक बाजूला ठेवला की दीड अंशापर्यंत निभावतं. त्याहून जास्त असेल तर जागा बदला.

विजेचा ताण इथे कमी आहे. फ्रिज दिवसाला ३० ते ४० अँपिअर-तास खातो, छताचा पंखा रात्रभरात २० च्या आसपास. स्वच्छ उन्हात पॅनेल ६० परत देतं. इंडक्शन मात्र २० मिनिटांत ३५ खाऊन टाकतं, तेव्हा चहा-पोहे गॅसवरच करा. बाहेरून वीज घेताना आधी टेस्टरनं अर्थिंग तपासा. २.५ चौरस मिमीची वायर पूर्ण उलगडूनच वापरा. गुंडाळलेली वायर भार पडला की तापते आणि वरचं आवरण मऊ पडतं.

छताची खिडकी उघडी टाकून खाली जाऊ नका. वानरं हुशार आहेत आणि केळी कुठे ठेवली आहेत ते त्यांना लगेच कळतं.

विवरात सूर्य चढायच्या आत उतरा. काठापासून पाण्यापर्यंतची उतरंड सुमारे १३७ मीटर आहे आणि खरा कस परत चढताना, उन्हात लागतो. माणशी दोन लिटर पाणी हवंच. पाण्याच्या कडेला सडक्या अंड्यांसारखा वास येतो, तो तळातल्या जीवाणूंमुळे. २०२० च्या जूनमध्ये सगळं सरोवर गुलाबी झालं होतं, तेही क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळेच. खाली कमळजा देवीचं देऊळ आहे. पाणी वाढलं की काठाची वाट बुडते, म्हणून पूर्ण प्रदक्षिणेचा बेत स्थानिकांना विचारूनच करा.

वर आल्यावर बूट आत नेऊ नका. तळाचा करडा चिखल वाळला की पांढरी भुकटी उरते. ती अल्कधर्मी असल्यानं ॲल्युमिनियमची पायरी आणि पट्ट्या खाते, तिथे आधी डाग पडतात आणि मग खड्डे. दारात ठेवलेल्या बादलीत बूट साध्या पाण्यानं धुवा, पुसून वाळवा आणि मगच आत घ्या. हात लावायला हातमोजे लागतील अशा काट्यांची वेडी बाभूळही इथे खूप आहे. तिचा काटा टायरच्या बाजूत शिरला तर पंक्चरची सुतळी तिथे टिकत नाही, म्हणून झाडोऱ्याला लागून गाडी उभी करू नका.

दैत्यसूदन मंदिर गावातच आहे, पायी जाण्याजोगं. बाहेरची शिल्पं सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतात, आतलं छत पाहायला टॉर्च हवाच. मान दुखेपर्यंत वर बघत राहावं असं काम आहे ते.

परतीत सिंदखेडराजाला थांबायचं आहे. तिथे एवढ्या उंचीची गाडी कुठे उभी राहील, कुठल्या फांद्या छताला लागतील, हे पाहून ठेवणं बाकी आहे. पॅनेलसकट आपल्या गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा, ते काम मात्र आजच होण्यासारखं आहे.