सरांची सहा शब्दांची प्रार्थना

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे ना मैदान आलं, ना स्नेहसंमेलन. आले ते बायबलच्या तासाचे आमचे सर. लूकच्या शुभवर्तमानातल्या १८व्या अध्यायातल्या दोन प्रार्थना ते फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचे. डावीकडे परूश्याची, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातल्या माणसाची: मी ह्या जकातदारासारखा नाही, मी उपास करतो, मी दशांश देतो. उजवीकडे जकातदाराची, म्हणजे लोक ज्याला पापी समजत त्या कर गोळा करणाऱ्याची: ‘हे देवा, मज पाप्यावर दया कर.’ सहा शब्द. “दोघे मंदिरातच गेले, दोघे देवाशीच बोलले आणि परूशी उपासाबद्दल खोटंही बोलला नाही. मग बिघडलं कुठे?” वर्ग गप्प. मग खडूने ते ‘ह्या जकातदारासारखा’ या शब्दांखाली रेघ ओढत. उभा देवापुढे आणि माप लावतोय शेजाऱ्याशी!

प्रार्थनेची त्यांनी रीतच घालून दिली होती. पहिल्या घंटेआधी पंधरा मिनिटं. आधी बायबलमधलं एक स्तोत्र, मोठ्याने, दोनदा. पहिल्यांदा जीभ वाचते, दुसऱ्यांदा कान ऐकतात, असं ते म्हणत. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, आठवड्याच्या सात वारांना पश्चात्तापाची सात स्तोत्रं वाटलेली: ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता. मग कबुली. मागणं सगळ्यात शेवटी, कारण ते आधी आलं की बाकीचं राहूनच जातं.

कबुलीपाशी सर सर्वांत जास्त थांबायचे, कारण चुका तिथेच होतात. ‘प्रभू, आम्ही सगळे पापी आहोत’ हे वाक्य त्यांना मुळीच चालत नसे. ‘आम्ही’मध्ये माणूस लपतो. ‘मी’ म्हणा आणि केलं त्याला नाव द्या: खोटं बोललो, कुणाची वही लपवली. ‘त्याला सुबुद्धी दे’ ही तर दुसऱ्याच्या पापाची कबुली! आणि कुणी ‘मी किडा, मी धूळ’ असं लांबवू लागला की सर हळूच म्हणत, “बाळा, अजून तुझ्याबद्दलच चाललंय.” देव गर्विष्ठांना विरोध करतो आणि लीनांवर कृपा करतो, असं याकोबाच्या पत्रात आहे. त्यातला लीन म्हणजे रिकामे हात पुढे करणारा, असं त्यांनी आम्हाला समजावलं.

एका रविवारची गोष्ट तेव्हाच्या कुणीच विसरलं नसेल. अर्पणाची थैली फिरत होती. दोन मुलगे आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते, हे सरांना ठाऊक होतं. थैली त्यांच्या बाकापाशी आली तशी सरांनी गाण्याची पेटी थांबवायला सांगितली आणि मत्तयच्या ५व्या अध्यायातली २३ आणि २४ ही वचनं वाचली: अर्पण वेदीपुढे ठेव, आधी भावाशी समेट कर. थैली टेबलावर राहिली, दोघे व्हरांड्यात गेले. सगळी मंडळी बसून. पाळकसाहेबही बसून. पाच मिनिटं, दहा मिनिटं. दोघे परत आले तेव्हा धाकट्याचे डोळे लाल होते आणि थोरल्याने त्याचा सदरा खांद्यापाशी धरलेला होता. सरांनी काही विचारलं नाही. थैली पुढे गेली, गाणं सोडलेल्या कडव्यापासून सुरू झालं.

पंडिता रमाबाईंचं नाव सर फार आदराने घ्यायचे. १८७८ साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेली ही विदुषी. पण केडगावच्या मुक्ती सदनात बायबलचं मराठी भाषांतर करताना तिने संस्कृतप्रचुर भाषा बाजूला ठेवली, साध्या बायकांना समजेल अशी मराठी धरली. १९२२ साली त्या गेल्या, बायबल १९२४ साली छापून निघालं. विद्येला असं कामाला लावणं म्हणजे काय ते सरांमुळे कळलं. पुढे संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवताना मी हेच उदाहरण आधी देतो, आणि आमच्या वर्गातल्या तिघी-चौघांनी आपापल्या मंडळीत सरांचीच रीत चालू ठेवली आहे, याचा मला अभिमान आहे.

शाळेचं नवं प्रार्थनागृह पाहिलं. सुरेख आहे. पडद्यावर गाण्याचे शब्द येतात, ध्वनिव्यवस्था उत्तम आहे. पण स्तोत्र एकदाच, तेही घाईने, आणि आमेन होताच घोषणा. ती दोन मिनिटं कुठेच नाहीत. जकातदार दूर उभा होता, वर पाहायलाही धजला नाही. तेवढं थांबायला वेळ हवा ना! सर त्या दोन मिनिटांत शेवटच्या बाकामागे गुडघे टेकायचे, सगळ्या मुलांच्या मागे. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ती दोन मिनिटं पुन्हा सुरू व्हावीत, एवढीच शाळेला हात जोडून विनंती.