तुम्ही त्यांचे कोण लागता?

मागच्या उन्हाळ्यात शँक्सविलला जाऊन आले. पेनसिल्व्हेनियातलं छोटंसं गाव, आजूबाजूला नुसतं माळरान, आणि त्या माळावर पांढऱ्या संगमरवराची लांब भिंत, ४० पाट्या, एकेका पाटीवर एकेक नाव. ११ सप्टेंबर २००१ ला सकाळी १० वाजून ३ मिनिटांनी युनायटेडचं फ्लाइट ९३ इथे कोसळलं, अपहरणकर्ते सोडून आत जे ४० जण होते त्यांची ही नावं. मी मार्क बिंगहॅमचं नाव शोधलं, सुरुवातीलाच सापडलं, आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत बराच वेळ तिथेच उभी राहिले.

मार्क ३१ वर्षांचा होता, सहा फूट चार इंच उंच, रग्बी खेळणारा गडी, स्वतःची पीआर फर्म चालवायचा, आणि गे होता. घरी, मित्रांत सगळ्यांना माहीत होतं. त्या सकाळी नेवार्कला विमान सुटता सुटता कसाबसा पोचला. आणि मग अपहरण झालेल्या विमानातून त्याने आईला फोन लावला तेव्हा काय म्हणाला माहितीये? "मॉम, मी मार्क बिंगहॅम बोलतोय." सख्ख्या आईला पोराने आडनावासकट नाव सांगितलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात तुटलंच एकदम. किती घाबरला असेल तो, आणि एवढा घाबरलेला असूनही त्यानंतर थोड्याच वेळात जे प्रवासी कॉकपिटवर चालून गेले त्यांच्यात त्याचं नाव घेतलं जातं. आई एलिस होगलंड स्वतः युनायटेडमध्येच फ्लाइट अटेंडंट. तिने टीव्हीवर बाकीची विमानं बघितली होती, तिने उलट फोन केला, त्याने उचलला नाही, मग व्हॉइसमेलवर निरोप ठेवला की हे लोक विमान कुठेतरी नेऊन आदळणार आहेत, तुम्ही काही जण मिळून त्यांच्यावर तुटून पडा. आईने पोराला असा निरोप ठेवायचा, विचार करा जरा.

ते विमान वॉशिंग्टनच्या दिशेने चाललं होतं. सिनेटर जॉन मॅकेन मार्कच्या स्मरणसभेत बोलले की कदाचित मी आज याच्यामुळेच जिवंत असेन. मनापासून बोलले असणार, मला त्यात शंका नाही. पण याच मॅकेननी १९९६ मध्ये डोमा कायद्याच्या बाजूने मत दिलं होतं, म्हणजे लग्न हे फक्त पुरुष आणि बाईचं, बाकी जोड्या केंद्र सरकारच्या लेखी नाहीतच, असं सांगणारा कायदा. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. आपला जीव वाचवल्याबद्दल माणसाला हीरो म्हणायचं आणि त्याच्या घराला मात्र घर म्हणायचं नाही, हे कसं काय जमतं?

लोक म्हणतात, अहो तो शूर होता ना, मग तो कोणावर प्रेम करायचा याच्याशी काय देणंघेणं. ऐकायला बरं वाटतं. पण जो मागे राहतो त्याला देणंघेणं असतं. माझ्या एका जवळच्या मित्राच्या बाबतीत मी स्वतः बघितलंय, त्याचा जोडीदार आयसीयूत, आणि काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण लागता?" नऊ वर्षं एका घरात राहिलेला माणूस एक क्षण थांबला आणि म्हणाला, "मित्र." मग सही करायला गावाहून चुलत भाऊ येईपर्यंत हा बाहेर बाकड्यावर बसून होता, हातात त्याच्या चष्म्याची डबी घेऊन.

९/११ नंतर अमेरिकेत हाच प्रश्न कितीतरी जणांना विचारला गेला. तेव्हा तिथल्या एकाही राज्यात दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता येत नव्हतं. केंद्राने मृतांच्या कुटुंबांसाठी मोठा फंड काढला, पण जोडीदार कायद्याने कोणीच लागत नसल्यामुळे बरंचसं मृत्युपत्रावर, त्या त्या राज्याच्या नियमांवर आणि सासरच्यांच्या मनावर अवलंबून राहिलं. न्यूयॉर्कने तरी २००२ मध्ये ९/११ मधल्या मृतांच्या अशा जोडीदारांना कामगार भरपाईचा हक्क दिला, तोही लोक भांडले म्हणून.

आणि फादर मायकल जज. न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटचे धर्मगुरू, ६८ वर्षांचे, नॉर्थ टॉवरच्या लॉबीत प्रार्थना करता करता गेले, मृतांच्या यादीत त्यांचा नंबर ०००१. पाच जण त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणतायत तो फोटो तुम्ही बघितला असेल. ते गे होते, जवळच्यांना माहीत होतं, धर्मगुरूचं ब्रह्मचर्य पाळून राहिले. ड्युटीवर मेलेल्या पोलिस-फायरमनच्या नातेवाइकांना केंद्राकडून अडीच लाख डॉलर मिळायचे, पण फक्त नवराबायको, मुलं, आईवडील यांनाच. जून २००२ मध्ये त्यांच्याच नावाचा कायदा झाला आणि ठरलं की बायकामुलं नसतील तर विम्याच्या कागदावर ज्याचं नाव असेल त्याला पैसे मिळतील. म्हणजे नॉमिनी! एवढा साधा कॉलम, पण त्यातून पहिल्यांदा एखाद्या गे फायरमनच्या जोडीदाराला केंद्राच्या दारातून आत यायची वाट झाली. लग्न नाही, नवरा नाही, नॉमिनी. मला यात आनंद पण होतो आणि राग पण येतो.

डोमाचं मुख्य कलम २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, २०१५ मध्ये सगळ्या राज्यांत लग्नाचा हक्क मिळाला. ज्यांची माणसं २००१ मध्ये गेली त्यांना त्याचा काय उपयोग, मेलेल्या माणसाशी लग्न लावता येत नाही ना.

मार्कच्या नावाने २००२ पासून गे रग्बी टीम्सची स्पर्धा भरते, बिंगहॅम कप. एलिस तिथे जायची, त्या पोरांमध्ये बसायची, आणि डिसेंबर २०२० मध्ये जाईपर्यंत गे लोकांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. ती मार्कची आई होती, तिला कधी कोणी विचारलं नाही की बाई तुम्ही त्याचे कोण लागता. ज्यांना विचारलं जातं त्यांच्यासाठी ती ठिकठिकाणी जाऊन उभी राहिली.