सष्टीची भरती

कोळीवाड्यातल्या मावशी, सत्तरी ओलांडलेल्या. सून घेऊन आली. हातात एका दवाखान्याचा कागद: तीसपैकी 14, खाली 'डिमेन्शिया'. माझं डोकंच फिरलं. 1975 साली अमेरिकेत बनलेली एमएमएसई (मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन), म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासणारी तीस गुणांची चाचणी, तिची कशीबशी मराठी केलेली झेरॉक्स. शाळेची पायरीही न चढलेल्या बाईला 'डोळे मिटा' वाचून करायला लावलेलं, वाक्य लिहायला लावलेलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलेले. 1995 सालच्या हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशनमध्ये, हरयाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासात, वाचण्याऐवजी 'मी करते तसं करा' आणि लिहिण्याऐवजी घराबद्दल दोन शब्द बोलणं आलं. तरी मुंबईत आजही ही असली झेरॉक्स चालते!

मी तारीख विचारली. गप्प. तिथी विचारली.

"सष्टी. साडेचारला भरती."

तिथीची पाऊणपट केली की आपल्याकडे भरतीची वेळ निघते. सहाची पाऊणपट साडेचार. "आणि एकादशीला, मावशी?" माझा हिशोब व्हायच्या आत उत्तर आलं, "सव्वाआठ."

तो कागद मी मनातल्या मनात केराच्या टोपलीत टाकला. मग आंबा, खुर्ची, नाणं हे शब्द दिले, त्यांनी नीट म्हणून दाखवले. पाच मिनिटांनी परत विचारले.

"कुठले शब्द गं बाय?"

'एक फळ होतं' म्हटलं, तरी नाही. चार फळांची नावं घेऊन त्यातलं निवडायला सांगितलं. केळं म्हणाल्या. नुसतं सुचत नसेल तर नाव कानावर पडताच माणूस ओळखतो. इथे शब्द आत साठलेच नव्हते, आणि अल्झायमरची सुरुवात बहुधा अशीच दिसते. सुनेला बाहेर नेऊन विचारलं. पापलेटचे पैसे घेऊन त्याच गिऱ्हाइकाकडे पुन्हा मागतात, म्हणाली.

आता भरतीच्या उत्तराला गुण द्यायचे का? सात-सात वजा करताना आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो. पाऊणपट त्यांना लहानपणापासून तोंडपाठ असणार. शिवाय एमएमएसईत 24 च्या खाली गुण आले की डिमेन्शियाचा संशय घेतात, पण प्रश्न बदलले की ती जुनी रेघ लागू होत नाही. अशाच न शिकलेल्या, पण धडधाकट कोळणींना आधी हेच प्रश्न विचारून पाहायला हवेत, तेव्हा कुठे रेघ ओढता येईल. ते काम कंटाळवाणं, त्यात नाव होत नाही, म्हणून कुणी हात घालत नाही.

कानांची तपासणी, बी-12, थायरॉइड लिहून दिलं. सहा महिन्यांनी याच प्रश्नांसाठी परत बोलावलंय. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन: "स्कोअर किती?" प्रत्येक प्रश्नापुढे मावशींचं उत्तर लिहून पाठवलं, बेरीज केली नाही. त्यांना ते आवडलेलं नाही.